पिवळी वाळू, करडी वाळू आणि एक निळा डाग

वालुकाश्मातलं युरेनियम शोधायला निघालं की हाती आधी युरेनियम लागत नाही, रंग लागतो. रिगचा, म्हणजे बोअर घेणाऱ्या यंत्राचा, दांडा खाली उतरत असतो, ड्रिलिंगच्या चिखलाबरोबर खडकाचा चुरा वर येत असतो, आणि रिगवरचा एखादा पोरगा तो चाळणीत धुऊन जमिनीवर ओळीने छोट्या ढिगांत मांडत जातो. दर दीड-दोन मीटरला एक ढीग. वरचे ढीग फिकट पिवळे, मग नारिंगी, मध्येच विटकरी. आणि मग एका ढिगापासून रंगच उडतो, वाळू करडी होते. त्या करड्या ढिगावर भिंग धरलं की पायराइट या लोखंड आणि गंधकाच्या खनिजाचे बारीक पिवळेधमक कण चमकतात आणि कोळसा झालेल्या काडीकचऱ्याचे काळे तुकडे दिसतात. रंग ओल्या वाळूचाच पाहायचा आणि लगेच पाहायचा. हवा लागली की पायराइट गंजायला लागतो आणि करडी वाळू उघड्यावर हळूहळू पिवळट पडते. वहीतली रंगाची नोंद चुकली तर पुढची बोअर चुकीच्या दिशेला पडते, म्हणून मी ती दुसऱ्या कुणावर सोपवत नाही.

या कामात मला खरी ओढ आहे ती या दोन रंगांच्या सीमेची, आणि तिच्या पलीकडे जाऊन बसणाऱ्या मॉलिब्डेनम या धातूची.

पावसाचं पाणी हवेतला ऑक्सिजन घेऊन जमिनीत मुरतं. खोऱ्याच्या कडेला वालुकाश्माचे थर वर उचललेले असले की ते पाणी त्यांच्या उघड्या तोंडातून आत शिरतं, आणि वर-खाली चिकणमातीचे थर असल्यामुळे वाळूतूनच उताराने पुढे सरकत राहतं. वाटेत ज्वालामुखीची राख असेल, ग्रॅनाइटच्या झिजेतून आलेले कण असतील, तर त्यांतलं चिमूटभर युरेनियम ते विरघळवून घेतं. पृथ्वीच्या कवचात युरेनियम सरासरी दहा लाख भागांत अडीच-तीन भाग एवढंच. पण ऑक्सिजन असलेल्या पाण्यात ते कार्बोनेटच्या साथीने सुखाने विरघळून राहतं आणि लांबचा प्रवास करतं. पुढे मात्र जुनी, करडी वाळू येते. तिच्यात नदीने कधीकाळी पुरलेली पानं, खोडं, मुळं आणि त्यांच्यामागून तयार झालेला पायराइट असतो. या सगळ्यावर पाण्यातला ऑक्सिजन खर्च होतो, आणि जिथे तो संपतो तिथे युरेनियमचं विरघळणंही संपतं. वाळूच्या कणांवर, कणांमधल्या फटींत युरेनिनाइट आणि कॉफिनाइट या काळ्या खनिजांचा लेप धरू लागतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर शोध सोपा असता. पण मागून ऑक्सिजनवालं पाणी येतच राहतं. ते कालचा साठा मागच्या बाजूने पुन्हा विरघळवतं आणि थोडा पुढे नेऊन ठेवतं. भिंतीत ओल चढते तेव्हा तिच्या कडेला क्षारांची रेघ जमते आणि ओल सरकेल तशी ती रेघही सरकते, तसंच हे, फक्त लाखो वर्षांच्या वेगाने. थराचा उभा छेद घेतला तर ही कड चंद्रकोरीच्या आकाराची दिसते. तिची पोकळ बाजू पिवळ्या वाळूकडे आणि फुगीर बाजू करड्या वाळूकडे. भूवैज्ञानिक तिला रोल फ्रंट म्हणतात. वरून पाहिलं तर ती नागमोडी वळणं घेत कित्येक किलोमीटर जाते, रुंदी मात्र बऱ्याचदा काही मीटर, कधी त्याच्या दहापट. म्हणजे शोधायची असते ती एक रेषा, तीही शे-दोनशे मीटर खाली, कधी त्याहूनही खोल.

म्हणून बोअर ओळीने घेतात, पाण्याच्या जुन्या वाटेच्या दिशेने. पिवळी वाळू आली तर कड अजून पुढे आहे, करडी आली तर ती मागे राहिली. आधी बोअर लांब लांब, मग त्यांच्या मध्ये, मग त्यांच्याही मध्ये. अमेरिकेत वायोमिंगच्या गॅस हिल्समध्ये १९५३ साली युरेनियम सापडलं तेव्हा लोक गायगर काउंटर घेऊन उघड्या खडकांवरून फिरत होते. त्या साठ्यांची चंद्रकोर नीट उलगडली ती पुढच्या दशकभरात. उझबेकिस्तानच्या किझिलकुम वाळवंटात उचकुदुकचा साठा १९५२चा. तिथे सोव्हिएत भूवैज्ञानिकांनीही याच प्रकारच्या साठ्यांचा असाच कसून अभ्यास केला. शेजारच्या कझाकस्तानातल्या चू-सारीसू आणि सीर दर्या खोऱ्यांतल्या वाळूत आज जगाच्या युरेनियम उत्पादनापैकी सुमारे ४० टक्के उत्पादन होतं, आणि तेही जवळजवळ सगळं खड्डा न खणता, विहिरींतून द्रावण आत सोडून आणि बाहेर उपसून.

आता मॉलिब्डेनम. वरचं सगळं खरं तर त्याच्यापर्यंत येण्यासाठी लिहिलं.

युरेनियमबरोबर त्याच पाण्यातून, बऱ्याचदा त्याच राखेतून निघालेले आणखी काही प्रवासी असतात: सेलेनियम, व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम. सगळ्यांना ऑक्सिजन असेपर्यंत पाणी मानवतं, पण पाणी सोडायची प्रत्येकाची जागा वेगळी. सेलेनियम फार तग धरत नाही, कडेच्या पिवळ्या अंगालाच बसतं. युरेनियम कडेवर. मॉलिब्डेनमला मात्र खाली बसायला नुसता ऑक्सिजनचा अभाव पुरत नाही, पाण्यात पुरेसा हायड्रोजन सल्फाइड लागतो. म्हणून ते युरेनियमला मागे टाकून करड्या वाळूत आणखी आत जातं, कधी काही मीटर, कधी त्याहून खूप पुढे, आणि तिथे सल्फाइड होऊन बसतं. जॉर्डिसाइट त्याचं नाव. या खनिजाला स्फटिकाचा आकार नाही, चमक नाही. करड्या वाळूत ते काजळीच्या पुटासारखं दिसतं आणि भिंगातून कोळशाच्या धुळीपासून वेगळं काढणं अवघड जातं. नवख्या डोळ्यांनी त्याला ओळखावं अशी अपेक्षाच नको.

पण कोअर, म्हणजे बोअरमधून अखंड काढलेली खडकाची कांडी, पेटीत ठेवून काही काळ गेला, हवेतला दमटपणा मिळाला, की ते स्वतःहून ओळख देतं. काळ्या पट्ट्याच्या कडेला आधी अंधूक निळसर झाक येते. मग ती गडद होत जाते, शेजारच्या पांढुरक्या वाळूत पसरते, आणि एके दिवशी पेटी उघडली की कोअरवर शाई सांडल्यागत निळा डाग असतो. हे इल्समनाइट, जॉर्डिसाइट हवेत गंजून झालेलं. ते पाण्यात विरघळतं. ओल्या कापडाने पुसलं तर कापड निळं होतं आणि कोअरवरची खूण गेली, म्हणून असा डाग दिसला की आधी फोटो आणि नोंद, मगच पेटीला हात. युरेनियमची पिवळीधमक दुय्यम खनिजं दिसायला याहून भडक असतात, पण कोअर-शेडमध्ये मला जो आनंद या निळ्या डागाने दिला तो त्यांनी दिला नाही. पिवळं खनिज सांगतं की युरेनियम इथे आहे. निळा डाग सांगतो की इथे नसलं तरी वाट बरोबर आहे, थोडं मागे फिरा.

करड्या वाळूतली बोअर बहुतेकांच्या लेखी फुकट गेलेली बोअर असते. गॅमा लॉग, म्हणजे बोअरमधल्या किरणोत्साराचा आलेख, सपाट, अहवालात एक ओळ, पुढच्या जागेवर चला. पण त्या फुकट गेलेल्या बोअरच्या वाळूत मॉलिब्डेनम मोजलं तर? साध्या वालुकाश्मात ते दहा लाखांत एक भागही नसतं. तिथे दहापट, शंभरपट आकडा आला, तर ती बोअर कडेच्या पुढे, पण कडेच्या आवाक्यात पडली आहे. सेलेनियम वाढलेलं दिसलं, तर आपण दुसऱ्या बाजूने जवळ आलो आहोत. बोअरला हे मोजमाप वाढवलं तर खर्च वाढतो हे खरं, पण आणखी एक आंधळी बोअर घेण्यापुढे तो काहीच नाही. प्रत्येक साठ्यात मॉलिब्डेनम असतंच असं नाही, मूळ खडकातच नसेल तर पाणी ते आणणार कुठून? त्याच्या नसण्यावरून जागा सोडून देऊ नये. असण्याकडे मात्र काणाडोळा करू नये.

रंगही कधी कधी फसवतो. दक्षिण टेक्सासमध्ये काही ठिकाणी तेल आणि वायूच्या साठ्यांतून हायड्रोजन सल्फाइड भ्रंशांवाटे, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगांवाटे, वर आला आणि आधी पिवळी झालेली वाळू पुन्हा करडी करून गेला. चीनच्या ऑर्डोस खोऱ्यातल्या डोंगशेंग साठ्यात अशीच परतलेली वाळू हिरवट करडी आहे. अशा जागी कडेच्या दोन्ही बाजूंना सारखाच रंग, आणि ढिगांची ओळ पाहून काही म्हणजे काही कळत नाही. तिथे पायराइटच्या कणांची घडण पाहावी लागते आणि रसायनांची ओळ तपासावी लागते. कोण कुठे बसलं हा क्रम रंगाइतका सहज पुसला जात नाही.

गॅमा लॉगबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण नव्या मुलांचा त्याच्यावर फार विश्वास असतो. बोअरमध्ये प्रोब सोडली, पडद्यावर टोक उसळलं, की रिगवर चेहरे उजळतात. पण युरेनियम स्वतः गॅमा किरण फारसे देतच नाही. प्रोबला दिसतात ते त्याच्या वंशावळीत, म्हणजे त्याच्या ऱ्हासातून एकापाठोपाठ तयार होणाऱ्या मूलद्रव्यांच्या साखळीत, खूप खाली असलेल्या बिस्मथ-२१४ आणि शिसे-२१४ यांचे किरण. मध्ये थोरियम-२३० आहे, अर्धायुष्य सुमारे ७५ हजार वर्षं. रेडियम-२२६ आहे, १६०० वर्षं. ताज्या युरेनियमपासून सुरुवात केली तर सगळी वंशावळ तोलात यायला दहा लाख वर्षांच्या आसपास काळ जातो. साठा जागेवर स्थिर असेल तर हरकत नाही. पण आपला साठा तर चालता! मागच्या बाजूने युरेनियम विरघळून निघून जातं आणि त्याची संतती, विशेषतः रेडियम, तिथेच राहते. गॅमा जोरदार, युरेनियम नावाला. पुढच्या टोकाला नुकतं येऊन बसलेलं युरेनियम भरपूर, पण त्याची संतती अजून जन्मायची आहे. गॅमा मंद, माल चांगला. यावर उपाय म्हणून न्यूट्रॉन सोडून युरेनियम-२३५चं विखंडन घडवणारी आणि त्यातून निघालेले न्यूट्रॉन मोजणारी प्रोब वापरतात, तिला खुद्द युरेनियमच दिसतं. मॉलिब्डेनमच्या बाबतीत हा घोळ नाही. त्याला वंशावळ नाही, मोजलं जातं ते खुद्द मॉलिब्डेनमच.

त्याचा घोळ वेगळा आहे, आणि तो हातातल्या एक्सआरएफ यंत्राचा, म्हणजे क्ष-किरणांनी धातू मोजणाऱ्या यंत्राचा. ही पिस्तुलासारखी यंत्रं कामाच्या जागेवरच धातूंचे आकडे देतात, त्यामुळे फार लाडकी आहेत. क्ष-किरणांत युरेनियमची एक रेषा १७.२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला येते आणि मॉलिब्डेनमची मुख्य रेषा १७.५ला. युरेनियम भरपूर असलेल्या नमुन्यावर यंत्र धरलं तर शेजारच्या रेषेचा उजेड मॉलिब्डेनमच्या खात्यात जमा होऊ शकतो. कडेवरच्या नमुन्यातला मॉलिब्डेनमचा आकडा म्हणून प्रयोगशाळेकडूनच घ्यावा. कडेच्या पुढे, जिथे युरेनियम नाही आणि मॉलिब्डेनम हवं आहे, तिथे मात्र यंत्र चांगलं साथ देतं.

अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या हेलन कॅनन यांनी कोलोरॅडो पठारावर यापेक्षाही साध्या साधनाने शोध घेतला होता. १९५०च्या आसपास त्या झाडं पाहत हिंडल्या. ॲस्ट्रॅगॅलस गटातल्या काही वनस्पतींना सेलेनियम लागतं. जिथे त्या उगवतात तिथे मुळांच्या पोहोचीत सेलेनियम आहे, आणि त्या भागात सेलेनियम युरेनियमच्या साठ्यांबरोबर असतं. झुडपांचे पट्टे नकाशावर मांडून त्यांनी खालच्या खडकाबद्दल अंदाज बांधले आणि बोअर घेऊन ते पडताळले गेले. सोबत्यांवरून मुख्य माणसाला शोधायची ही रीत मला यंत्रांइतकीच आधुनिक वाटते.

कोलोरॅडो पठारावरच्या काही जागी नदीच्या वाळूत पुरलेली अखंड खोडं युरेनियमने भरली आहेत. पेशींच्या भिंती जशाच्या तशा आणि पोकळीत काळं खनिज. वालुकाश्मातले असे बहुतेक साठे जमिनीवर झाडं आल्यानंतरच्या काळातले का, ते या खोडांकडे पाहून कळतं. पुरायला पालापाचोळाच नसेल तर नदीच्या वाळूत ऑक्सिजन अडवणार कोण? त्याच्याही खूप आधी, अडीच-तीन अब्ज वर्षांपूर्वी, हवेतच ऑक्सिजन नव्हता. त्या काळातल्या नद्यांनी युरेनिनाइटचे कण न विरघळवता गोट्यांबरोबर लोळवत नेले. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटरस्रँडच्या खडकांत ते आजही आहेत. हवा बदलली आणि युरेनियम, मॉलिब्डेनम दोन्ही पाण्यात उतरले. आज समुद्राच्या पाण्यात दोन्ही विरघळलेले आहेत, अब्ज भागांत युरेनियम तीनच्या वर आणि मॉलिब्डेनम दहाच्या आसपास.

गॅबनमधल्या ओक्लोचा साठाही वालुकाश्मातलाच, सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वीचा. तिथे युरेनियम इतकं साठलं आणि त्या काळी त्यात युरेनियम-२३५चा वाटा इतका जास्त होता, की पाण्याच्या साथीने विखंडनाची साखळी आपोआप सुरू झाली. १९७२ साली फ्रान्समध्ये तिथल्या धातुकात युरेनियम-२३५ नेहमीच्या ०.७२० टक्क्यांऐवजी ०.७१७ टक्के भरलं, आणि त्या एवढ्याशा तफावतीचा पाठपुरावा झाल्यामुळे ही नैसर्गिक अणुभट्टी उघडकीला आली. विखंडनातून मॉलिब्डेनमही तयार होतं. आजच्या अणुभट्ट्यांत युरेनियमपासून मुद्दाम मॉलिब्डेनम-९९ काढतात, कारण त्याच्यापासून मिळणारं टेक्नेशियम रुग्णांच्या हाडांची आणि हृदयाची चित्रं घ्यायला लागतं.

हे सगळं आवडतं म्हणूनच पुढचं लिहिणं टाळता येत नाही.

लाखो वर्षांत पाण्याने जे जागेवर बसवलं ते आपण काही वर्षांत पुन्हा पाण्यात सोडतो. उघडी खाण खणली की करड्या वाळूचे ढिगारे हवेत येतात, जॉर्डिसाइट गंजतं आणि मॉलिब्डेनम पावसाबरोबर उतारावरच्या गवतात जातं. टेक्सासच्या कार्न्स काउंटीत युरेनियमच्या खाणींजवळच्या कुरणांत गुरांना हगवण लागली, केसांचा रंग उडाला, वजन घटलं. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मॉलिब्डेनम आणि गंधक मिळून तांबं अडवून ठेवतात, आणि अंगाला तांबं मिळेनासं होतं. नॉर्थ डकोटात १९६०च्या दशकात युरेनियमयुक्त लिग्नाइट जाळून राखेतून युरेनियम काढलं गेलं, तिथेही आसपासच्या गुरांना हाच आजार झाला. या दोन्ही जागी किरणोत्सारावर लक्ष ठेवणाऱ्यांच्या यादीत मॉलिब्डेनम पहिलं नव्हतं. गुरांनीच ते आधी दाखवलं.

माणसांचं दुःख याहून फार मोठं आहे. नवाहो लोकांच्या भूमीतून १९४४ ते १९८६ या काळात सुमारे तीन कोटी टन धातुक निघालं. वाऱ्याची नीट सोय नसलेल्या बोगद्यांत रेडॉन श्वासात घेतलेल्या कामगारांना फुप्फुसाचे कर्करोग झाले, भरपाईचा कायदा १९९० साली आला, आणि पाचशेहून अधिक सोडून दिलेल्या खाणी अजून त्या भूमीवर आहेत. चेक प्रजासत्ताकात स्ट्राझ पॉड राल्स्केम इथे युरेनियम विरघळवून काढण्यासाठी वालुकाश्मात ४० लाख टनांहून जास्त सल्फ्युरिक आम्ल सोडलं गेलं. उत्पादन १९९६ साली थांबलं, भूजल स्वच्छ करण्याचं काम त्यानंतर अनेक दशकांचं होऊन बसलं. मेघालयात खासी टेकड्यांच्या दक्षिण भागात डोमियासियातचा साठा महादेक वालुकाश्मात आहे, आणि २०२० साली वारलेल्या स्पेलिटी लिंगडोह लँगरिन यांनी आपली जमीन खाणीसाठी द्यायला अखेरपर्यंत नकार दिला. शोध घेणाऱ्यांच्या बाजूची असूनही मला त्या नकारात अडाणीपणा दिसत नाही. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं आमच्या अहवालांत आकड्यांनिशी असायला हवीत, आणि जगभरातले कितीतरी अहवाल त्याबाबतीत गप्प आहेत.

म्हणून नव्या पट्ट्यात रिग येण्याआधी माझं काम पाण्यापासून सुरू होतं. आसपासची प्रत्येक चालू विहीर, प्रत्येक बोअरवेल. पंप सुरू करून तापमान, आम्लता आणि विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत पाणी वाहू द्यायचं, मग बारीक गाळणीतून गाळून बाटली भरायची, धातूंसाठीच्या बाटलीत आम्लाचे थेंब टाकायचे. युरेनियम, रेडियम, सेलेनियम, आर्सेनिक, मॉलिब्डेनम, सगळं मोजायचं, आणि ऋतू बदलला की पुन्हा मोजायचं. मॉलिब्डेनमचा चढा आकडा मला कडेची दिशा दाखवतो, आणि तोच आकडा त्या विहिरीचं पाणी पिणाऱ्यांच्या हातातला पुरावाही असतो की आम्ही येण्याआधी पाणी असं होतं. अहवालाची प्रत विहिरीच्या मालकाला त्याच्या भाषेत, प्रत्येक आकडा समजावून, पहिल्या बोअरच्या आधी मिळाली पाहिजे, हे मी कामाच्या अटींत लिहून घेते. बोअर संपली की ती तळापासून तोंडापर्यंत सिमेंटने भरून घ्यायची, म्हणजे खालच्या थरातलं पाणी वरच्या थरात चढणार नाही. ते भरून होईपर्यंत रिग पुढच्या जागेवर जात नाही, मग ड्रिलर कितीही घाईत असो.